तेरावा खण

लाईट आता पहाटेशिवाय येत नाही. बसा असेच अंगणात. कंदील जरा बारीक करा, रॉकेल थोडंच आहे.

तुम्ही खोदून खोदून विचारताय म्हणून सांगतो. वडुजात परत आल्यापासून ही हकिकत मी कुणाला सांगितलेली नाही. माझ्या दोस्तावर गुदरलेली आहे ती. बाळगोंडा मगदूम त्याचं नाव. सांगलीतच असतो, धडधाकट आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं एस.टी. धरावी आणि त्याला विचारून यावं.

तारीख पक्की सांगतो. दहा डिसेंबर एकोणीसशे सत्त्याहत्तर, शनिवार. अमावास्या होती, पण ते आमच्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बाळगोंडानं मला मिरज स्टेशनवर पाठवलं. काम साधं होतं. पुण्याहून येणाऱ्या गाडीनं कागदी फितीचं एक खोकं यायचं होतं, ते सोडवून सायकलीवरून आणायचं. जायला तास, यायला तास. साडेनऊपर्यंत मी परत असायला पाहिजे होतो.

आता आम्ही तिथं काय करत होतो ते सांगतो. पलटणीत सिग्नलमध्ये अठरा वर्षं काढून मी पेन्शनीत आलो होतो. वायरीचं काम यायचं, म्हणून सांगलीतल्या एका संस्थेनं मला ठेवून घेतलं. दिवसा इलेक्ट्रिशियन, रात्री राखणदार. संस्था नदीच्या पाण्याचा हिशोब ठेवायची. पूर कधी येणार, कुठवर येणार, असला. त्यासाठी त्यांनी एक कॉम्प्युटर आणला होता, दोन कपाटं शेजारी ठेवावीत एवढा. हरिपूर रस्त्याला एका हळदीच्या व्यापाऱ्याचं जुनं घर भाड्यानं घेतलं आणि मागच्या खोलीत तो बसवला. यंत्राला गारवा लागतो, म्हणून खिडक्या विटांनी बुजवल्या, भिंतीत गार हवेचं मशीन बसवलं. जमीन उकरून वायरींची नाळ, म्हणजे लांब चर, खणली आणि वर फळ्या टाकल्या. ती नाळ मीच खणली.

बाळगोंडा मुंबईची नोकरी सोडून या यंत्रासाठी आला होता. मला म्हणाला, मी याचा कर्नल लिहितोय. मी पलटणीतला माणूस. म्हटलं, कर्नल काय लिहायचा असतो व्हय? त्याला तर सॅल्यूट ठोकायचा असतो. तो हसला. म्हणाला, आमचा कर्नल म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम. त्याचंही काम तेच, सगळ्यांनी त्याचा हुकूम ऐकायचा.

मग त्यानं मला समजावून सांगितलं, ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. समजा, शिपाई गस्तीवर चाललाय. वाटेत काही भलतंच झालं. त्यानं स्वतःच्या मनानं काही करायचं नाही. जिथं आहे तिथं खूण करायची, ठरलेल्या चौकीवर जायचं, तिथं लिहून ठेवलेला हुकूम वाचायचा, तसं करायचं, आणि खुणेपाशी परत येऊन पुढं चालू लागायचं. यंत्रात अशा सोळा चौक्या होत्या. बाळगोंडा त्यांना खण म्हणायचा. प्रत्येक खणाचा एक बारका दिवा यंत्राच्या समोरच्या पट्टीवर होता. शून्यानं भागाकार केला की एका खणात जायचं, नसलेल्या जागी हात घातला की दुसऱ्या. असे बारा खण कामाचे. पुढचे चार रिकामे. त्यांना कुठली वायरच जोडलेली नव्हती. तरी हा पद्धतशीर माणूस. त्यानं त्या चार खणांतही हुकूम लिहून ठेवला होता. काही झालेलं नाही, परत जा.

आणि आठवडाभर रोज रात्री त्यातल्या पहिल्याच रिकाम्या खणात, तेराव्यात, कुणीतरी येत होतं.

तीनदा. मग गप्प. परत तीनदा. यंत्र हातातलं काम सोडून तिकडं जायचं, हुकूम वाचायचं, परत यायचं. रात्र चढेल तसं हे वाढायचं, आणि शेवटी यंत्राला जाण्यायेण्याशिवाय दुसरं काही सुचायचंच नाही. दिवसा मात्र काही नाही. मी सगळ्या वायरी दोनदा तपासल्या. तेराव्याला वायर नव्हतीच.

सोमवारी मुंबईहून कमिटी येणार होती. त्यांच्यासमोर यंत्र एक दिवस आणि एक रात्र न अडखळता चाललं पाहिजे होतं. नाही चाललं तर यंत्र पुण्याला जाणार आणि बाळगोंडा घरी. त्याची बायको गुणमाला सातव्या महिन्यात होती. म्हणून त्यानं ठरवलं, शनिवारी रात्री तिथंच बसायचं आणि कोण येतंय ते पकडायचं.

त्या खोलीला एकच दार. आतून कडी नव्हती. नुसतं ओढलं तर ते किलकिलं राहायचं आणि गारवा निघून जायचा. एरवी मी बाहेरून कडी घालून अंगणात बसायचो. त्या दिवशी अंगणात कुणी नसणार होतं. यंत्र लाखमोलाचं. बाळगोंडाच म्हणाला, "मानसिंगराव, कुलूपच घाला. तुमी येणारच हाय की साडेनऊला."

तो सूर्य मावळायच्या आत जेवणारा माणूस. जेवून, तोंड धुऊन आत गेला. मी कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली.

गाडी साडेआठची. ती आली पावणेएकला.

मी काय करायला पाहिजे होतं, हे मला कळतं. खोक्याची वाट न बघता परत यायला पाहिजे होतं. किल्ली माझ्या खिशात होती. दोनदा उठलोही. पण म्हटलं, आता येईल, आता येईल. रिकाम्या हातानं कशाला जायचं. एक चहा घेतला. मग आणखी एक घेतला. त्या दोन चहांचा विचार मी अजून करतो.

आता आत काय झालं ते ऐका. हे मला बाळगोंडानं सांगितलं, तसंच सांगतो.

रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तेराव्या खणात पहिल्यांदा कुणीतरी आलं. तीनदा. त्यानं वहीत वेळ लिहिली. थोड्या वेळानं परत तीनदा. त्यानं एकेक वस्तू यंत्रापासून सोडवायला सुरुवात केली. फीत वाचणारी पेटी काढली. तरी तीनदा. घड्याळाची तार काढली. तरी तीनदा. शेवटी यंत्राला फक्त टेलिप्रिंटर, म्हणजे कागदावर टाइप करणारं मशीन, उरला, आणि त्याच्यावरून असं काही येऊ शकत नाही हे त्याला ठाऊक होतं.

साडेबाराला त्याचं डोकं दुखायला लागलं. खोलीत हळदीचा वास येत होता. जुना, कोंदट वास. त्याला वाटलं, व्यापाऱ्याचं घर आहे, भिंतीत मुरला असेल.

मग त्याचं लक्ष नाळेकडं गेलं.

मधली एक फळी हलली होती. थोडीच. त्यानं ती उचलली. खाली माझी केबल होती, अंगठ्याएवढी जाड. मी ती आडवी टाकली होती, भिंतीपासून यंत्रापर्यंत. ढिली टाकली होती, मला आठवतंय.

ती ताणलेली होती. मधोमध खाली गेलेली. मातीत.

त्यानं केबलवर हात ठेवला.

कुणीतरी खालून ओढली. एकदा... दोनदा... तीनदा.

त्यानं मान वळवून यंत्राकडं बघितलं. तेराव्याचा दिवा तीनदा लागून विझला होता.

तो लगेच ओरडला नाही. म्हणाला, ओरडायला छातीत वारंच नव्हतं. उठला, दाराशी गेला. दार ढकललं. कुलूप. त्याला माहीत होतं की कुलूप आहे, तरी ढकललं. हाका मारल्या. माझं नाव घेऊन. लाथा मारल्या. बाहेर रस्ता, पलीकडं मळे, त्यापलीकडं नदी. कोण ऐकणार. खिडक्या बुजवलेल्या. विटांवर नखं घासली त्यानं, खुणा मी नंतर बघितल्या.

 खाली बसला तर जास्तच गुदमरायला झालं. उभं राहवेना. बसवेना.

तीनदा.

मग जरा थांबून... तीनदा.

तो भिंतीला टेकून बघत राहिला. खालून कुणीतरी विचारतंय. यंत्र धावत तेराव्या खणात जातंय. तिथं लिहिलंय, काही झालेलं नाही, परत जा. यंत्र परत येतंय. परत विचारणं. परत तेच उत्तर. आठ दिवस हे चाललं होतं. आणि तो हुकूम त्याच्या स्वतःच्या हातचा होता.

इकडं बाळगोंडाही दार बडवत होता. त्यालाही कुणी ओ देत नव्हतं.

बाळगोंडा म्हणाला, मानसिंगराव, त्या घटकेला माझी भीती गेली न्हाई. पण मला त्या हुकमाची लाज वाटली.

त्यानं ठरवलं, तो हुकूम बदलायचा. फितीवर भोकं पाडून बदलता आलं असतं, पण फीत संपली होती. फीत आणायला तर मी गेलो होतो. मग समोरच्या पट्टीवरचे स्विच वर-खाली करून, एकेक आकडा हातानं भरायचा. निरोगी माणसाला पाच मिनिटांचं काम. त्याला किती लागली, माहीत नाही. डोळ्यांपुढं अंधारी. एक आकडा चुकला, परत भरला. दोन चुकले. परत.

नवा हुकूम इतकाच होता. कुणी आलं की टेलिप्रिंटरची घंटी वाजव.

त्यानं यंत्र चालू केलं. खालून ओढ आली. घंटी वाजली. तीनदा.

तो नाळेशी पालथा झाला. हात खाली घातला. केबल धरली. एवढंच त्याला आठवतं.

आता माझं ऐका.

खोकं कॅरियरला बांधून मी मिरजेहून निघालो. गारठा लय होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सांगलीत गावभागापर्यंत आलो तेव्हा दोन वाजत आले असतील. तिथं माझ्या मावसभावाची खोली. हरिपूर रस्ता अजून दीड-दोन मैल राहिला होता. म्हटलं, बाळगोंडा कामात असेल, घटकाभर पाठ टेकू, पहाटे जाऊ. सायकल भिंतीला लावली. दार वाजवायला हात वर केला...

मागून सायकलीची घंटी वाजली.

तीनदा.

मी वळलो. रस्ता मोकळा.

परत वाजली. तीनदा. अगदी बारीक. कानाशी.

ती सायकलीची घंटी नव्हती. मी ती आठ महिने रोज ऐकत होतो. टेलिप्रिंटरची होती. बंद खोलीतून अंगणातसुद्धा धड ऐकू यायची नाही, अशी.

मी सायकलीवर टांग टाकली.

हरिपूर रस्त्याला चिंचांचा अंधार. दिवा नव्हता माझ्या सायकलीला. घंटी शेजारून येत होती. तीनदा... मग गप्प. मी पायडल मारत होतो आणि मोजत होतो. तीनदा. आता जास्त वेळ गप्प. तीनदा. आणखी जास्त वेळ. घराच्या वळणाला आलो तेव्हा मधली शांतता इतकी वाढली होती की मला वाटलं, संपलं.

एकदा वाजली. एकदाच.

किल्ली कुलपात जाईना. अंधारात चाचपली. गेली. दार उघडलं.

हळदीचा वास अंगावर आला. दिवे लागलेले. यंत्र चालू. घंटी गप्प. बाळगोंडा नाळेवर पालथा, एक हात खांद्यापर्यंत खाली. मी श्वास कोंडून आत शिरलो. खालचा हात वर घेतला, त्याची दोन्ही मनगटं धरली आणि ओढलं.

माझं वजन तेव्हा पन्नास-बावन्न किलो. तो ऐंशीच्या वर. आणि गड्यांनो... तो हलका आला. चटई ओढावी तसा. खालून कुणी रेटा द्यावा तसा.

अंगणात आणून पाणी मारलं. किती तरी वेळानं त्यानं श्वास घेतला.

उजाडायला आलं तेव्हा समोरच्या खोपटातली राहीबाई उठून आली. साठीची बाई, संस्थेत झाडलोट करायची. तिनं बाळगोंडाकडं बघितलं, मग उघड्या दाराकडं. मला विचारलं, "किती येळा?"

मला काही कळलं नाही. म्हटलं, काय किती वेळा?

"किती येळा हलीवलं?"

मी म्हणालो, तीनदा.

ती खाली बसली. पदर तोंडाला लावला. मग तिनं सांगितलं. त्या खोलीच्या जागी पूर्वी पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा, त्यात हळद साठवून तोंड बुजवतात. उघडताना जपावं लागतं, आत हवा दूषित झालेली असते. एक माणूस दोर बांधून खाली उतरतो, एक वर थांबतो. खालच्यानं दोर तीनदा हलवला की वरच्यानं ओढून घ्यायचं. सव्वीस वर्षांपूर्वी राहीबाईचा नवरा कृष्णात खाली उतरला. वर तिचा भाऊ होता.

"त्यो च्या प्यायला ग्येल्ता," ती म्हणाली. "आला तवा दोर ढिला पडल्याला. त्यो बी आता न्हाई. कुणाला बोलायचं."

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. माझ्या खिशात किल्ली होती आणि तोंडात अजून मिरजेच्या चहाची चव होती.

बाळगोंडाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कोंडलेली हवा, आणखी दहा मिनिटांनी काही उरलं नसतं. रविवारी आम्ही फळ्या काढून जमीन खणली. नाळेखाली हातभर मातीनंतर पेवाचं तोंड लागलं. मी नाळ खणताना त्याच्यावरची माती सैल झाली असणार. कंदील खाली सोडला तर विझला. हवा जाऊ दिली, परत सोडला. आत काही नव्हतं. हाड नाही, हळदीचा कण नाही. राहीबाईनं काठावर नारळ फोडला, नवऱ्याचं नाव घेतलं. मग आम्ही ते मुरुमानं भरून घेतलं.

सोमवारी कमिटी आली. बाळगोंडा अंगात ताप असताना दवाखान्यातून उठून आला. यंत्र चालू झालं. रात्र गेली, दिवस गेला. तेराव्या खणात कुणी आलं नाही. कमिटीतल्या एकानं कागदपत्रं चाळताना विचारलं, या खणाला वायर नाही, मग घंटीचा हुकूम कशाला, काढून टाका. बाळगोंडा म्हणाला, तेवढा राहू द्या.  यंत्र सांगलीतच राहिलं. पुढं त्याला मुलगी झाली.

मी मात्र नोकरी सोडली. त्या दाराला कुलूप घालायला हात उठेना.

निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी निरोप घ्यायला गेलो. तो आत कपडे करत होता. गुणमाला बाहेर आली. पाण्याचा तांब्या पुढं ठेवून जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "भावजी, एक विचारू का? त्या रात्री तुमी ह्यांना दोरानं ओढून काढलं का?"

मी म्हटलं, नाही. मनगटं धरून ओढलं. दोर नव्हता आमच्याकडं.

तिनं बाळगोंडाला बाहेर बोलावलं आणि त्याला सदरा वर करायला सांगितला.

दोन्ही काखांखालून, पाठीवरून छातीवर आलेला, बोटाएवढा वळ. काथ्याच्या दोराचा पीळ न् पीळ त्यात उमटलेला. आणि छातीवर, डाव्या अंगाला, गाठीची खूण.

दोन महिने झाले होते तेव्हा. आता दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत तो भेटला, मी विचारलं.

वळ अजून आहे.